नरेशची लग्नं

"नवऱ्याचा नाव काय रं?" मांडवात शिरताच मावशीचा हा पहिला प्रश्न. नवरा तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला असला तरी विचारणार. मग पदर सारखा करून चटईवर बसणार आणि ते नाव गुंफून धवला सुरू करणार. लग्नातले हे जुने धवले गाणारी धवलारीण आमच्या माजिवड्यात ती एकटीच उरली होती. मानाचं लुगडं-नारळ मिळायचंच, पण तिला खरं अप्रूप कुणीतरी घरी येऊन बोलावण्याचं.

तुमच्याही आळीत असं एखादं माणूस असेल. अडल्याशिवाय आपल्याला त्याची किंमत कळत नाही.

माझ्या भावाच्या, नरेशच्या हळदीत मी तिला न विचारता तिचे धवले मोबाइलवर रेकॉर्ड केले आणि इंटरनेटवर टाकले. हौस, दुसरं काय! पुढच्या मोसमात घोडबंदरपासून मोहन्यापर्यंत लोकांनी ते फुकटात डाउनलोड करून मांडवात लावले. मावशीला कुणी बोलवेना.

"ही चोरी हाय," ती मला म्हणाली.

मी शहाणपणा पाजळला. "चोरी कसली, मावशी? गाणं तुझ्याकडेच आहे ना?"

"गाना हाय रं. बोलावना गेला."

मी हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

गंमत म्हणजे त्या गाण्यात नाव नरेशचं! नवरा हितेश असो की प्रशांत, स्पीकरवर हळद लागायची ती नरेशलाच. वहिनी करवादायची, "अजून किती जणी आणणार आहेत हे?"

एकदा मावशीच्या शेजारीच मांडव उभा राहिला. नवरदेव दिनेश, आणि स्पीकर आपला ‘नरेश, नरेश’ करतोय. मावशी ओट्यावरून ओरडली, "गो, नवरा बदललास काय?"

वरमाईचा चेहरा पडला. ऐन हळदीत दुसऱ्याचं नाव! स्पीकर बंद झाला, चटई अंथरली गेली. मावशी जागची हलेना. शेवटी वरमाई हळदीच्या हातांनी तिच्या ओट्यावर गेली, "मावशी, चल गो," म्हणाली, तेव्हा कुठे बाई उठली. त्या दिवशी घसा बसेपर्यंत गायली.

पुढे ती थकली आणि एका उन्हाळ्यात गेली.

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. देवापुढे पत्रिका ठेवली आणि दुसरी घेऊन थेट मावशीच्या घरी गेलो. सून दारात आली. पत्रिकेवर सासूचं नाव वाचून गोंधळली.

"दादा, आई नाय आता."

"माहीत आहे," मी म्हणालो. "बोलावणं द्यायला आलोय."