सुतक मानणारं घर

वडील गेल्याचं मला अमेरिकेत फोनवर कळलं, आणि मी घरी गेलो नाही. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली होती. त्या वर्षांत नियम इतके कडक झाले होते की, एकदा देश सोडला की परत यायला किती महिने लागतील हे कुणी सांगू शकत नव्हतं. माझा प्रबंध अर्धा राहिलेला. धाकट्या भावाने साताऱ्याहून समजूत घातली.

"सगळं मी करतोय, दादा. तू तिथे काही पाळत बसू नकोस. गुरुजी म्हणाले, एवढ्या लांब सुतक लागत नाही."

तो मायेनेच बोलला होता, पण ते वाक्य मला लागलं. थोरला मी. अग्नी त्याने दिला, दहावं-तेरावं तोच करणार होता, आणि आता सुतकही माझ्या वाट्याला नव्हतं. मग मी वडिलांचा कोण, असा प्रश्न मला पडला. ज्या दोघा-तिघांना बातमी सांगितली त्यांनी मला मिठी मारली आणि "हवा तेवढा वेळ घे" असं म्हटलं. त्या वेळाचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

आठवड्याभराने न्यूयॉर्कच्या एका परिषदेत मला निबंध वाचायचा होता. तिकीट आधीच काढलेलं होतं. उतरायचं होतं जर्सी सिटीपासून अर्ध्या तासावर, माझ्या विभागातल्या एका कोरियन मित्राच्या घरी. तो सुट्टीत आईवडिलांकडे आलेला, त्यामुळे त्याला काहीच ठाऊक नव्हतं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान म्हणून तो मला 'ह्योंग' म्हणायचा, म्हणजे दादाच.

पहिल्या संध्याकाळी त्याच्या आजीने मला समोर बसवून नीट पाहून घेतलं आणि कोरियनमध्ये काही विचारलं.

"आजी विचारतेय, आईवडील बरे आहेत ना?" मित्र म्हणाला.

"दोघंही बरे आहेत," मी म्हणालो. पाहुण्याने दारात पाऊल टाकताच मरणाची गोष्ट काढू नये, असं मला वाटलं. शिवाय भावाच्या हिशेबाने मी सुतकात नव्हतोच. आजीने समाधानाने मान हलवली आणि माझ्या वाटीत आणखी भात घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात बरीच गडबड होती. काकू (मित्राच्या आईला मी मनातल्या मनात काकूच म्हणत होतो) माशाचे तुकडे अंड्यात बुडवून परतत होत्या. आजीने माझ्यापुढे एक वाडगा आणि सुरी ठेवली. वाडग्यात चेस्टनट होते, फणसाच्या मोठ्या आठळ्यांसारखे. त्यांची साल काढून कडा सारख्या कापायच्या होत्या. मी एकेक फिरवून फिरवून कापू लागलो. आजी काहीतरी बोलली आणि सगळे हसले.

"ती म्हणतेय, हा सकाळी निबंध वाचत होता तसाच सोलतो," मित्राने सांगितलं. "या वेगाने पुढच्या वर्षीच्या तिथीला तयार होतील."

"कसली तिथी?"

"आज आजोबांचा दिवस आहे, ह्योंग. संध्याकाळी त्यांना जेवायला वाढायचं. हे त्यांच्याच पानातलं."

माझा हात थांबला. आठव्या दिवशी, हातात सुरी घेऊन, मी दुसऱ्याच्या घरच्या श्राद्धाच्या पानातली वस्तू तयार करत होतो. लागत नसेल सुतक, पण ते अन्न हातात धरवेना. मी सुरी खाली ठेवली आणि मित्राला खरं ते सांगितलं. काल खोटं बोललो, हेही सांगितलं.

त्याने ते आजीला सांगितलं. काकूंनी तोंडावर हात ठेवला. मित्राचे वडील घाईने म्हणाले, "हरकत नाही, हरकत नाही. अमेरिकेत आता हे कोण मानतं?"

आजीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने मित्राकरवी मला विचारलं, "किती दिवस?"

"आठ."

तिने माझ्यापुढून वाडगा उचलला. तिने मी सोललेले पाच-सहा चेस्टनट वेगळे काढून बाजूला ठेवले. सुरी धुतली. मग सावकाश, माझ्याकडे पाहत बोलली. मित्र लाजून लाल झाला होता.

"सॉरी, ह्योंग. जुनी माणसं आहेत. ती म्हणतेय, तू पानाला शिवायचं नाहीस, नमस्कारही करायचा नाहीस. तुझ्या घरी तुझा माणूस गेलाय. तू आता त्याचा आहेस."

मी त्याला म्हणालो, "तिला सांग, मी तिचा आभारी आहे." त्याला वाटलं, मी शिष्टाचार पाळतोय. पण आठ दिवसांत माझ्यापुढून काही उचलून बाजूला ठेवणारी ती पहिलीच व्यक्ती होती. जिची भाषा मला येत नव्हती, त्या बाईने माझं सुतक एका प्रश्नात ओळखलं होतं.

संध्याकाळी मी शेजारच्या खोलीत जमिनीवर बसलो. उघड्या दारातून दिसत होतं: पडद्यापुढे मांडलेलं मेज, उदबत्तीचा धूर, फळांच्या उतरंडी. मित्राच्या वडिलांनी पेला धुरावरून फिरवला. बापलेकांनी जमिनीला कपाळ टेकलं. मग भाताच्या वाटीत चमचा उभा रोवला गेला आणि अचानक सगळे उठून बाहेर आले. दार ओढून घेतलं.

"आता ते जेवताहेत," मित्र माझ्या कानाशी म्हणाला. "जेवणाऱ्याकडे बघत बसू नये. नऊ घासांएवढा वेळ थांबायचं. मग बाबा खोकतील आणि आत जायचं."

सगळे माझ्याभोवती बसले. दारापलीकडे खरंच कुणी जेवत असल्यासारखी शांतता होती. मी श्वाससुद्धा हळू घेत होतो.

मित्राचे वडील उठून दाराशी गेले. खोकणार, एवढ्यात आजीने हात वर केला आणि मला काही विचारलं.

"तुझे वडील भरभर जेवायचे की सावकाश?"

"सावकाश," मी म्हणालो. "शेवटचा ताकभात तर फारच सावकाश."

ताकभात कसा सांगावा ते मित्राला कळलं नाही; त्याने नुसतं 'सावकाश' सांगितलं असावं. आजीने मुलाला खाली बसायची खूण केली. तो बसला. असं पूर्वी कधी झालेलं मित्राने पाहिलं नव्हतं. दार बंद होतं, आणि आम्ही सगळे वाट पाहत बसून राहिलो.