पुढच्या रांगेतली पोर

आलोकची बारावी सुरू झाली तशी सरोजिनीबाईंनी घरातलं केबल काढून टाकलं आणि त्याच्या मामाने दुबईहून आणलेला पीएसपी, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, आपल्या साड्यांच्या कपाटात कुलूपबंद केला. लातुरात त्या वर्षांत बारावीच्या घराची रीतच तशी होती. खाली क्लास, वर पोरांच्या खोल्या, समोर खानावळ, अशी अख्खी गल्ली परीक्षेला बसल्यासारखी दबून वागायची. पाहुणेसुद्धा यायच्या आधी विचारायचे.

आलोक भांडला नाही. एवढंच म्हणाला, "आई, त्यात एकही गेम नाहीये. मी गाणी ऐकतो, सिनेमे बघतो."

सरोजिनीबाईंना ते पटलं नाही. खेळायच्या यंत्रावर गाणी कोण ऐकतं?

तसा आलोक त्यांचा शब्द मोडत नसे, आणि त्याही त्याला फार बोलत नसत. त्याच्यामुळेच आपण जगलो, हे त्यांनी कधी कुणापाशी काढलं नव्हतं. तेव्हा त्या औसा तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षिका होत्या. दगडमातीच्या एका माळवदात त्यांची भाड्याची खोली होती. आलोकच्या बाळंतपणासाठी रजा घेऊन त्या लातूरला आल्या आणि त्याच रजेत, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, भूकंप झाला. रजा संपवून त्या परत गेल्या तेव्हा शाळा नव्हती आणि हजेरीला ओ देणारी बहुतेक पोरं नव्हती.

त्यानंतर त्यांची बदली झाली, लातुरात घर झालं, आलोक मोठा झाला. दर वर्षी तीस सप्टेंबरला त्या गावी जायच्या, स्मारकापाशी फुलं वाहायच्या आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायच्या. कुणाच्या घरी बसत नसत. काय बोलायचं, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं.

दोन हजार दहाच्या पावसाळ्यात औशाच्या एका म्हाताऱ्या शूटिंगवाल्याने दुकान मोडलं. आवराआवरीत त्याला शाळेच्या स्नेहसंमेलनाची कॅसेट सापडली. भूकंपाआधीच्या जानेवारीतली. त्याने ती सीडीवर उतरवली आणि पत्ता काढत बाईंकडे पोचवली.

सीडी हातात आली आणि सरोजिनीबाईंचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. लावून बघण्याआधीच त्यांनी गावात सिद्धरामला फोन केला. सिद्धरामची पिठाची गिरणी होती. त्या पहाटे त्याची बायको आणि महादेवी नावाची दुसरीतली मुलगी गेली होती. बाई त्याला म्हणाल्या, तुझी महादेवी आहे यात, दुसरीच्या सगळ्या पोरी आहेत. आणि तुझ्या शेजारच्या सरजाबाईंना सांग, त्यांची पंचीसुद्धा आहे. त्यात बघायचं काय होतं? नाच त्यांनीच बसवला होता. पंचीला, म्हणजे पंचफुलाला, रांगेत कुठे उभी केली, तेही त्यांना आठवत होतं.

मग त्यांनी सीडी लावली.

उंचीप्रमाणे रांगा लावायची त्यांची सवय. पंची वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून मागच्या रांगेत. शूटिंगवाल्याने कॅमेरा पुढच्या रांगेवर रोखून धरला होता. मागे पंचीचे हात तेवढे वर-खाली होत होते, हिरव्या बांगड्यांसकट. चेहरा रंगमंचाच्या झालरीने खाल्ला होता. झालर एकदाही हलली नाही. बाईंनी तो नाच कितीदा लावून बघितला कोण जाणे.

निरोप तर गेला होता. सिद्धरामचा उलट फोन आला की सरजाक्का त्या दिवसापासून धड जेवत नाही, बाई कधी येणार म्हणून विचारत राहते. सरजाबाईचं त्या रात्री सगळंच गेलं होतं. ती एकटी ढिगाऱ्यातून निघाली. लेकीचा एक फोटोसुद्धा तिच्याकडे नव्हता. सिद्धराम म्हणाला, सीडी आणून उपयोग नाही, गावात दिवसा वीजच नसते.

यावरचा उपाय आलोकने काढला. "पीएसपीवर टाकून देतो. चार्ज करून ने, हातात धरून दाखव." बाईंनी कपाटाची किल्ली त्याला दिली. यंत्र उघडल्यावर कळलं, त्यात खरंच एकही खेळ नव्हता. कोणतं बटण दाबायचं ते त्याने आईला दोनदा शिकवलं. चुकलं तेव्हा हसला नाही.

तीस सप्टेंबरला स्मारकापाशी भाषणं झाली. लोक पांगले. ऊन होतं, म्हणून सिद्धरामने बाईंना गिरणीत आत नेलं. हेडफोनची एक बोंडी त्याच्या कानात, एक बाईंच्या. पुढच्या रांगेत मधोमध महादेवी होती, गालांना पावडर फासलेली, समोरचा दात पडलेली. सिद्धरामने एकदाच बघितलं आणि बोंडी काढून ठेवली.

"दात पडला व्हता तिचा," तो म्हणाला. "मी इसरलो व्हतो."

सरजाबाईच्या घराकडे जाताना बाईंनी त्याला सांगून टाकलं, की पंचीचा चेहरा यात नाही. आपण न बघताच निरोप दिला.

"मग आता कसं?"

"खरं ते सांगते. दुसरं काय करू."

भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात सगळी घरं सारखी, एका रांगेत. जुन्या गावात सिद्धराम आणि सरजाबाईची घरं दोन टोकांना होती. इथे मध्ये फक्त एक भिंत.

सरजाबाईने अंगण सारवलं होतं. धुवट लुगडं नेसून ती उंबऱ्यात बसली होती. बाई बसल्या आणि सांगायला सुरुवात करणार, तोच तिने यंत्र हातातून घेतलं. कानात घालायला दिलेलं तिने बाजूला सारलं. "कानात नगं. मला बघायचंय." बाईंनी बटण दाबलं. सरजाबाईने ते डोळ्यांच्या अगदी जवळ धरलं. बिनआवाजाचा नाच सुरू झाला.

जरा वेळाने तिचं बोट काचेवर टेकलं. "ही. ही बगा माझी पंची."

बोट महादेवीवर होतं.

"दात पडलाय बगा. म्याच फेकला व्हता माळवदावर, उंदरानं नवा आणून द्यावा म्हणून." ती बोटाने काच पुसत राहिली. "केवडीशी दिसायलीय."

सरोजिनीबाईंनी काचेकडे हात नेला आणि मागे घेतला. सरजाबाईने मान वर केली ती थेट दाराकडे. "सिद्धराम, तूच बग की. पंचीच न्हवं?"

सिद्धराम चौकट धरून उभा होता. वाकून त्याने काचेकडे बघितलं. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती, ती ओरडायची थांबली तरी तो बघतच होता.

"हाव आक्का," तो म्हणाला. "पंचीच हाय."

यंत्र परत मागायचं बाईंच्या जिवावर आलं. सरजाबाईने ते लुगड्याच्या पदरात गुंडाळलं होतं. चार्जर तिथेच ठेवून त्या उठल्या. एसटीची वाट बघत दोघं उभे असताना त्यांनी विचारलं, तू असं का म्हणालास?

"मला माझ्या पोरीचं तोंड ध्यानात हाय, बाई. आक्काच्या ध्यानातनं गेलतं."

घरी आल्यावर आलोकने यंत्राबद्दल विचारलं. राहिलं तिथे, एवढंच त्या म्हणाल्या. त्याने पुन्हा विषय काढला नाही. बारावी झाली, तो पुण्याला गेला, आणि घरात हेडफोनच्या नुसत्या वायरी राहिल्या.

पुढच्या वर्षी तीस सप्टेंबरला स्मारकावरून त्या पहिल्यांदाच आपणहून सरजाबाईकडे गेल्या. खोलीत सिद्धरामने चार्जरसाठी प्लग बसवून दिला होता. यंत्र खणाच्या तुकड्यात बांधलेलं होतं. सरजाबाई त्याला डबी म्हणायची. आता तिला सगळी बटणं येत होती. थांबवायचं, मागे न्यायचं, पुन्हा लावायचं. पंची घरात कशी नाचायची, मार खाल्ला की कशी फुगून बसायची, तेही ती सांगत होती. मागच्या रांगेतल्या हिरव्या बांगड्यांकडे मात्र तिचं लक्ष एकदाही गेलं नाही.

एवढ्यात सिद्धराम पिठाचा डबा घेऊन आला. डबा ठेवला आणि उंबऱ्याबाहेर टेकला. काही वेळ इकडचं तिकडचं झालं. मग खाली बघतच तो म्हणाला, "आक्का, जरा मलाबी दाव की तुजी पंची."

सरजाबाईने डबी छातीशी घेतली. "रोजचंच काय रं तुजं. लांबनं बग. नजर लागती पोरीला."

तिने ती थोडी त्याच्याकडे कलती केली. दारातून उन्हाची तिरीप आली होती, आणि अशा उन्हात त्या काचेवर काहीही दिसत नाही, हे सरोजिनीबाईंना ठाऊक होतं. सिद्धराम होता तिथूनच, मान वाकडी करून, नाच संपेपर्यंत बघत राहिला.