पाळण्यातून पडलेली बाळं

आमच्या रेडिओलॉजी विभागात चहा थंड होत राहतो आणि किस्से साचत राहतात. मारहाणीच्या संशयावरून तान्ह्या बाळाच्या डोक्याचा स्कॅन आला, की सोबत गोष्ट ठरलेली: "घोडियातून पडलं!" घोडियु म्हणजे इकडचा झोळीचा पाळणा. सुरतेतले पाळणे इतके खोडकर असतात, हे मला शिकताना कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या हेड बर्वे मॅडम म्हणतात, "आधी मेंदू बघायचा, मग गोष्ट ऐकायची." कारण बाळ कुणाच्या हाती घरी जाणार, हे बरंचसं आमच्या रिपोर्टवर ठरतं.

*

आमचा रेसिडेंट केयूर. एका सीटीत रक्ताच्या दोन छटा दिसल्या आणि गडी छाती फुगवून म्हणाला, "दोन वेळचा मार!"

"एकाच वेळचं रक्तही असं दिसतं," मॅडम म्हणाल्या. "तू डॉक्टर की ज्योतिषी?"

*

एक हवालदार फिल्म उजेडाला धरून बराच वेळ बघत होते. शेवटी विचारलं, "यात हात कुणाचा, ते नाय येत?"

"तेवढी भारी मशीन अजून सँक्शन नाही झाली!" केयूर म्हणाला.

*

लिंबायतच्या एका लूम कामगाराचं बाळ आलं. डोक्यात रक्त. वॉर्डाने आईला आरोपी ठरवूनच टाकलं, बाळाला हात लावू देईनात. ती बिचारी अहिराणीत एकच म्हणायची, "मी मना पोऱ्याले कसाले मारसू?" तपासणीत निघालं, बाळ घरीच जन्मलेलं, जन्मताच देतात ते व्हिटॅमिन केचं इंजेक्शन मिळालंच नव्हतं, म्हणून रक्तस्राव. मला फार वाईट वाटलं. वॉर्डाने माफी मागितली नाही, चहा पाजला.

*

आणि पलसाण्याच्या मिलमधले ते सुपरवायझर. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. "आज सकाळीच घोडियातून पडला, मॅडम. पहिल्यांदाच!" बायको शेजारी बाळाला घेऊन बसलेली. केयूर मला हळूच म्हणाला, "घर चांगलं दिसतंय."

मॅडमनी एमआरआय पुन्हा पाहिला. ताज्या रक्ताशेजारी जुनं रक्त होतं, त्यावर पापुद्राही धरलेला. त्या शांतपणे म्हणाल्या, "यातलं थोडं रक्त आजचं नाही. काही आठवड्यांपूर्वीचं आहे."

"शक्यच नाही!" ते उसळले. "त्या टायमाला तर हा दोन मिनिटांत गप्प झाला होता!"

बायको बाळाला घेऊन उठली आणि मॅडमच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.