'सौ.' काढून 'प्रा.' लावण्याबाबत

अर्जदार : वंदना खरात, अर्थशास्त्राच्या अधिव्याख्यात्या. समोरील पक्ष : प्राचार्य आणि संस्थेचे अध्यक्ष. स्थळ : जालना जिल्ह्यातील तालुक्याच्या गावचे महाविद्यालय, नाव सभ्यतेस्तव लिहीत नाही. काळ : नव्वदीचे दशक. साक्षीदार : शेख बाबू, शिपाई, तसेच मी स्वतः, तहसील कार्यालयासमोर टाइपरायटर घेऊन बसणारा अर्जनवीस. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असले, तरी वकिलांनीही माझ्याकडून मसुदे करून नेलेले आहेत.

खरात मॅडम माझ्या टेबलाशी आल्या, तेव्हा त्यांच्या हातात मेमो होता. मेमो म्हणजे वरिष्ठाने लेखी विचारलेला जाब. नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचे औक्षण 'सौ. खरात' यांनी करावे, अशी सूचना फळ्यावर लागली होती. त्या वेळी मॅडम वर्गावर होत्या. ताट टेबलावर तसेच राहिले आणि निरांजन विझले. 'पाहुण्यांचा अवमान का केला?' असा जाब होता. मॅडम प्रोबेशनवर होत्या, म्हणजे नोकरी कायम होण्याआधीच्या परीक्षेच्या काळात. या काळात एक वाईट शेरा पडला की घरी बसावे लागते. घरी, आष्टीला, सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी होती. मिळवणाऱ्या त्या एकट्या.

"यजमान काय करतात?" मी विचारले. अर्जाला ते लागते.

"वारले. पोरगी रांगत होती तवा."

"कॉलेजात माहीत आहे?"

"कुणी विचारलं न्हाई. गळ्यात मंगळसूत्र न्हाई, त्यावरून कळंल वाटलं. पण फळ्यावर नावं लिहिणारा गळे बघून लिहीत न्हाई. सर दिसले की प्रा., बाई दिसली की सौ."

मी तत्काळ कागद चढवला. औक्षण सुवासिनीने करावयाचे असते. मॅडम सुवासिनी नाहीत. सबब सूचना त्यांना लागूच नव्हती आणि मेमो मुळातच रद्द ठरतो. इतका स्वच्छ मुद्दा वर्षातून एखादाच सापडतो. अर्जाचे तीन भाग असतात : हकीकत, पीडा व विनंती. साहेब पाझरतो तो पीडेला. मी टाइप केले, 'अर्जदार ही निराधार विधवा असून...'

"काढा तो कागद, मामा."

"मॅडम, या एका ओळीत तुम्ही सुटता."

"मी ताट धरलं न्हाई, कारण माझा तास होता. नवरा असता, तरी तास असताच ना?"

"तुम्हाला सुटायचे आहे की बरोबर ठरायचे आहे?"

"दोन्ही. मी विधवा म्हणून सुटले, तर पुढच्या बारीला गाडेकर मॅडमला वर्ग सोडून ताट धरावं लागंल. त्यांचे यजमान चांगले धडधाकट हायेत."

मी तो कागद काढून नवा चढवला. त्यांनी सांगितले तेवढेच टाइप केले : 'सदर वेळी माझा तास होता. तो मी घेतला. माझी नेमणूक शिकविण्यासाठी झालेली आहे.' यात पीडा नाही, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले. त्यांनी सही केली. पोच, म्हणजे अर्ज मिळाल्याची सही, हाताशी असावी म्हणून मी सोबत गेलो.

प्राचार्यांच्या खोलीत अध्यक्ष बसलेले होते. त्यांना सगळे दादा म्हणत. शेख बाबू चहा ठेवत होता. दादांनी कागद वाचला.

"बाई, ताट उचललं तर हात झडते का?"

"न्हाई झडत, दादा. सरांचेबी झडले नसते. चार सर तिथं हात बांधून उभे होते."

"मॅडम, जपून बोला," प्राचार्य म्हणाले.

दादांनी त्यांना हातानेच थांबवले. "का रे बाबू, तास खरंच चालू होता?"

"बराबर चालू होता, साहेब. गाडी आली तशी पोरं बाहेर पळून राह्यली होती. मॅडमनं दारातून परत बसवली."

दादांनी बशीत चहा ओतला. "मंग प्राचार्य साहेब, पाहुण्याला तो वर्गच दाखवायचा ना. ताट तर त्यानं गावोगाव पाह्यलं असंल."

मेमो मागे घेण्यात आला. मॅडमच्या यजमानांचा उल्लेख त्या खोलीत कोणीही केला नाही.

प्रोबेशन संपल्यावर आदेश निघाला. त्यात वरच्या नावांना 'प्रा.' होते आणि खाली 'सौ. वंदना खरात यांना सेवेत कायम करण्यात येत आहे' असे होते. मॅडम त्याच दुपारी आल्या.

"मामा, मशीन मोकळी हाय का?"

"मॅडम, नोकरी कायम झाली. आता एका अक्षरासाठी कशाला?"

"मी सौ. न्हाई, हे त्यांना ठाऊक नसलं तरी चालंल. मी प्रा. हाय, हे ठाऊक पाह्यजे."

तो अर्ज मी केला. पुढे मॅडम विभागप्रमुख झाल्या आणि दारावर पितळी पाटी लागली, तीही 'सौ.'चीच. या धंद्यात मी एवढे शिकलो की, दयेचा अर्ज लवकर निकाली निघतो आणि हक्काचा टेबलावरून टेबलावर फिरतो. पीडेचा परिच्छेद मी आजही घालतो, मात्र आधी विचारून.

तरी संबंधितांस विनंती की, मॅडमच्या नेमणुकीच्या कामी त्यांच्या यजमानांनी कोणतीही परीक्षा दिलेली नव्हती. सबब त्यांच्यामुळे लागलेले अक्षर काढून मॅडमच्या कामाचे अक्षर लावावे, पाटी बदलावी आणि तसे अर्जदारास लेखी कळवावे. पोच माझ्याजवळ आहे.