मार्थाबाईंच्या बातम्या

मार्थाबाईंना बातमी बसून सांगता येत नाही. रविवारची प्रार्थना आटोपली की त्या चर्चबाहेरच्या लिंबाखाली येऊन उभ्या राहतात, पदर कमरेला खोचतात आणि कोण आलंय, कोण नाही ते एकदा बघून घेतात. तोवर गावातली हिंदू घरंही येऊन थांबलेली असतात. धरणाच्या काठावरचं आमचं गाव ते केवढंसं! तरी बातम्यांचा क्रम पक्का. आधी जन्म, मग आजारपणं, मग मरण आणि शेवटी गुरंढोरं. मी इथल्या शाळेत बदलून आलो, त्या पहिल्याच रविवारी त्यांनी जाहीर केलं, "नवं गुरुजी आल्यात. सैपाक येत न्हाई. ज्याच्या घरी कालवण उरंल त्यानं धाडावं." मी लाजेने अर्धा झालो. पण पुढे कितीतरी दिवस मला चूल पेटवावी लागली नाही, हेही खरं.

मरणाच्या बातमीनंतर मात्र त्या स्वतः गप्प होतात. गेलेल्याच्या जवळच्या माणसाने उठून एक आठवण सांगायची, असा त्यांचा दंडक आहे. कुणी "लई देवमाणूस हुता" असं सुरू केलं की लगेच अडवतात. "देव वर हाय, त्याला जोडीदार नको. मानूस कसं हुतं ते सांग."

पलीकडच्या काठावर चार-पाच घरांची वस्ती आहे. तिथे मोबाईलला रेंज नाही आणि रस्त्याने जायचं तर घोडेगावावरून मोठा वळसा. म्हणून तिकडे कुणी वारलं, की काठावरच्या जांभळीवर पांढरं कापड टाकतात. इकडून ते दिसलं की होडी निघते. मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी तसं कापड दिसलं. तिथले याकूबदादा बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. मार्थाबाईंनी जड आवाजात सांगितलं, "आपलं याकूबदादा गेलं." आणि दादांच्या धाकट्या भावाकडे, शिमोनकडे पाहिलं.

सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं. दोघा भावांचं बोलणं नव्हतं. आई शिमोनकडे असताना वारली. तिला पलीकडे, वडिलांशेजारी पुरावं अशी याकूबदादांची इच्छा. पण शिमोनने त्यांची वाट न पाहता इकडेच माती दिली. दादांना आईचं तोंडही बघायला मिळालं नाही. तेव्हापासून त्यांनी या काठावर पाऊल ठेवलं नव्हतं.

शिमोन उठला. सगळी हयात मासे धरण्यात गेलेला माणूस. म्हणाला, "मला पवता येत न्हाई. ह्ये फकस्त दादाला ठावं हुतं. होडीत बसलो की माझ्या कमरंला दोर बांधायचा, अन् कुनी इचारलं तर म्हनायचा, ह्यो बसल्या जागी झोपतो. माझी लाज त्यानं कदी उघडी केली न्हाई. आई गेली तवा वारं सुटलेलं. दादाबिगर पान्यात जायाला म्या भ्यालो. त्याला मातुर सांगितलं, होडी गावली न्हाई." आणि तो मटकन खाली बसला.

आम्ही फुलं घेऊन होडीने निघालो. शिमोनचा काही यायचा धीर झाला नाही. पलीकडे पोचलो, तर याकूबदादा ओट्यावर उशीला टेकून चहात भाकरी बुडवत बसलेले! त्यांची नवी सून श्रीरामपूरची. तिला रीत काय ठाऊक? तिने सासऱ्यांची चादर धुऊन जांभळीवर वाळत घातली होती. ती बिचारी रडकुंडीला आली. मार्थाबाईंनी हातातली फुलं तिलाच दिली, दादांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमी मेला म्हनून म्या गावाला सांगितलं, चुकलं माझं. पन तुमच्या माघारी तुमचा भाऊ काय बोलला, ते ऐकून घ्या." शिमोनचा शब्द न् शब्द त्यांनी सांगितला.

दादांनी हातातली भाकरी खाली ठेवली. मग गहिवरून म्हणाले, "येडा! एवढं मला सांगायला काय झालं हुतं?" आणि सुनेला हाक मारली, "माझा सदरा आन." त्यांना धरून होडीत बसवावं लागलं. ते परत गेलेच नाहीत. उरलेले दिवस शिमोनच्या दारात दोघे भाऊ जाळी विणत आणि एकमेकांच्या गाठींना नावं ठेवत बसलेले आम्ही पाहिले. ते बघून फार बरं वाटायचं.

थंडीत दादा खरोखरच गेले. या खेपेला त्यांना पलीकडे नेलं. शिमोन होडीत शवपेटीशेजारी बसला होता. रविवारी मार्थाबाईंनी बातमी दिली आणि त्याच्याकडे पाहिलं. तो उभा राहिला.

"माझ्याकडं सांगायला काय उरलं न्हाई," तो म्हणाला. "समदं त्यालाच सांगून झालंय."

आठवण सांगितल्याशिवाय मार्थाबाईंनी आजवर कुणाला सोडलं नव्हतं. त्यांनी कमरेचा पदर सोडून डोळे पुसले.

"मग बस, बाबा," त्या म्हणाल्या. "असंच व्हाया पायजे."