कुंकू लावलेला ग्लो-प्लग

आमच्या घरात खंडेनवमीला कुणी साध्या स्क्रूड्रायव्हरलाही हात लावत नाही. मी लावू देत नाही. खरं तर मी यातलं काहीच मानत नाही. नवऱ्याला वाटतं, वय झालं तशी हिला भक्ती सुचायला लागली. भक्ती-बिक्ती काही नाही. एका खंडेनवमीला मी माझ्या पाच वर्षांच्या मुलीच्या हातात काय देणार होते, ते आठवलं की मला बसल्या जागी बसवत नाही. मग उठून उगाच कपाटं आवरत बसते.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. आम्ही जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहत होतो. मी गाड्यांच्या इंजिनांवर काम करायचे, त्यातही फक्त इग्निशन. ठिणगी नेमकी कुठल्या क्षणी पडली पाहिजे, एवढ्या एका गोष्टीसाठी मला दिवसभर पगार मिळायचा. स्वभावही तसाच. एखादी वस्तू बिघडली की ती उघडल्याशिवाय मला चैन पडत नसे. टोस्टर उघड, इस्त्री उघड, शेजारणीचं घड्याळ उघड. लेकही माझ्याच वळणावर गेली होती. मी पेचकस उचलला की ती स्टूल ओढत हजर.

त्या वर्षी सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. फ्लॅटमध्ये त्यांना कोंडल्यासारखं व्हायचं. म्हणून आम्ही क्लाइनगार्टन घेतलं, म्हणजे शहराच्या कडेला भाड्याने मिळणारी बागेची एक पट्टी. आई तिथे खुशीत असायच्या. मेथी लावली, कोथिंबीर लावली, आणि शेजारच्या पट्टीतल्या म्हाताऱ्याशी मैत्रीही केली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळायचा नाही. तो त्यांना झेंडूची रोपं द्यायचा, त्या त्याला चिवडा द्यायच्या. लेक त्याला ओपा म्हणायची, म्हणजे आजोबा.

नवरात्रात आई मेथीचा वाफा खणत होत्या आणि खुरप्याला काहीतरी कडक लागलं. काळंहिरवं पडलेलं एक नळकांडं. जाडीला अंगठ्याहून थोडं जास्त, लांबीला तळहाताएवढं, एका टोकाला गंजाचा गोळा. आईंनी नखाने खरवडलं आणि खाली पिवळं चमकलं. पितळ. झालं, आमच्या आईंना पितळ दिसलं की हात शिवशिवतात. रुमालात गुंडाळून त्यांनी ते घरी आणलं, चिंच भिजत घातली, आणि मीठ लावून मांडीवर घेऊन अर्धा तास घासलं. मी ऑफिसातून आले तेव्हा ते ओट्यावर लखलखत होतं.

"समईचा दांडा असावा कुणाचा तरी," त्या म्हणाल्या.

मी हातात घेऊन फिरवून पाहिलं. तळाला मधोमध एक छोटी गोल चकती होती आणि तिच्याभोवती बारीकशी काळी कडी. चकती बाकीच्या धातूला कुठेच टेकत नव्हती. म्हणजे मध्ये एक विजेचा कॉन्टॅक्ट, बाहेर धातूचं कवच, दोघांत इन्सुलेशन. मी आयुष्यभर हेच बघत आलेय.

"अहो आई, हा ग्लो-प्लग आहे," मी म्हटलं. "डिझेल गाडी थंडीत सुरू व्हावी म्हणून इंजिनात एक कांडी तापवतात, ती. कुठल्या तरी जुन्या ट्रॅक्टरचा असणार."

एवढ्या जाडीचा ग्लो-प्लग मी कधी पाहिला नव्हता, हे खरं. पण जुन्या काळी सगळंच जाडजूड असायचं, असं मी स्वतःला समजावलं. मला तो ग्लो-प्लगच हवा होता, आणि तो अजून चालतो का, ते बघायचं होतं. पद्धत सोपी आहे. आधी चकती आणि कवच यांना मल्टीमीटर लावून थोडीशी वीज आतून जाते का, ते बघायचं. तार शाबूत दिसली, की सरळ गाडीच्या बॅटरीला जोडायचं आणि टोक लाल होतंय का, ते बघायचं. मी लेकीला कबूल करून टाकलं, उद्या सकाळी आपण दोघी करू. मीटर आणि पिना मी बघीन, प्लग तू धर.

'उद्या' म्हणजे शनिवार होता, आणि खंडेनवमी. नवरा कामासाठी फ्रँकफर्टला गेलेला. मी उठून बघते तो आईंनी माझी अख्खी टूलबॉक्स बैठकीच्या खोलीत पाटावर रिकामी केलेली. पाने, पक्कड, मल्टीमीटर, बॅटरीच्या केबल, माझा लॅपटॉप, भाजीची सुरी. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू, शेजारी तेवतं निरांजन. आणि अगदी मधोमध, निरांजनाला लागून, तो ग्लो-प्लग उलटा उभा केलेला. त्याच्या त्या चकतीवर आईंनी कुंकवाचं बोट नेमकं टेकवलं होतं.

मी वाकून मीटर उचलायला गेले. आईंनी माझा हात धरला.

"आज नाही. पूजेतलं हत्यार उद्या दसऱ्याला हलवायचं."

"दोन मिनिटांचं काम आहे, आई."

"मग उद्या दोन मिनिटांत कर. काय पळून जातंय का ते?"

लेक स्टूल घेऊन उभीच होती. "वान?" ती विचारत होती. कधी? मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायची जर्मनच. अकरा वाजता विचारलं, साडेअकराला विचारलं. मी खोलीभर येरझारा घालत होते. माझ्याच घरात, माझीच हत्यारं, आणि मला हात लावायची चोरी. जेवणं झाल्यावर आई जरा आडव्या होतील, मग उरकून घेऊ, असा मी बेत केला. पण त्या मला पुरत्या ओळखून होत्या. जेवण होताच त्यांनी खुर्ची ओढली, पाटासमोर मांडली, आणि जपमाळ घेऊन बसल्या त्या बसल्याच.

तेव्हा माझं तोंड सुटलं. "तुमचे हे असले नियम आहेत ना, म्हणूनच तुमचा मुलगा इतक्या लांब येऊन राहिलाय," मी म्हटलं.

हे खरंही नव्हतं. तो नोकरीसाठी आला होता. आईंची माळ थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. थोड्या वेळाने माळ पुन्हा सुरू झाली. मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी परत धुतली. माफी मागायला हवी, हे मला लगेच कळलं होतं. पण मी मागितली नाही.

चार वाजता ओपांना बोलावलं होतं. आईंनी नवमीच्या कडाकण्या केल्या होत्या आणि झेंडू त्यांचेच होते, म्हणून. चारच्या ठोक्याला बेल वाजली. त्यांनी बूट काढले, आईंना हात जोडून 'नमस्ते' म्हणाले, आणि कौतुकाने पूजा बघायला खाली वाकले. वाकले ते तसेच राहिले. मला वाटलं पाठीत उसण भरली.

"हे कुणी आणलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी ऐटीत सांगितलं की ग्लो-प्लग आहे आणि उद्या तपासणार आहे. "मीटरने. मग बॅटरी लावून."

"नाइन, नाही," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत गुंफले, लहान मुलं मोह आवरायला करतात तसे. "दिवा विझवू नका, त्याला हात लावू नका, पाटाला धक्का नको. मुलीला घ्या. आपण सगळे आत्ता बाहेर जाऊ."

पोलिसांना फोन त्यांनीच केला. आमच्या इमारतीतले सगळे लोक खाली आले, कुणी स्वेटर घालून, कुणी हातात मांजर घेऊन. पलीकडच्या फुटपाथवर उभं राहून ओपांनी मला ते काय होतं ते सांगितलं. महायुद्धात, सतरा वर्षांचे असताना, ते शहराबाहेरच्या विमानतळावर लढाऊ विमानांसाठी गोळ्यांचे पट्टे भरायचे. दिवसभर, हाताची सालं निघेपर्यंत. विमानाच्या नाकावर, इंजिनाच्या वर, दोन मशीनगन असायच्या आणि त्यांच्या पुढे फिरता पंखा. गोळ्या पंख्याच्या पात्यांमधल्या फटीतूनच जायला हव्यात, नाहीतर आपलेच पंखे तुटतात. पिनेने ठोकून गोळी उडवायची तर क्षण थोडा मागेपुढे होतो. म्हणून या गोळ्यांना तळाशी विजेचा कॉन्टॅक्ट दिला होता. वीज लागली की त्याच क्षणी गोळी सुटते. पुढच्या टोकात काही वेळा स्फोटकही भरलेलं असायचं. युद्ध संपताना लोकांनी हे सगळं मिळेल तिथे टाकलं, तळ्यात, खड्ड्यात, बागांत.

आणि मला काय वाटलं? मला पहिल्यांदा वाटलं, वा, काय सुरेख सोडवलंय. नेमक्या क्षणी ठिणगी. हे तर माझंच काम. एवढं वाटून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्या मुठीत लेकीचा हात आहे, आणि तिची बोटं मी इतकी आवळलीत की ती रडकुंडीला आलीय.

तासाभराने बॉम्ब निकामी करणारा माणूस वाळू भरलेली पेटी घेऊन बाहेर आला. शांत, जाड मिशांचा. वरचा लाल ठिपका कसला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आज आम्ही शस्त्रांची पूजा करतो.

"हो," तो मान डोलवत म्हणाला, "मग योग्यच जागी ठेवलं होतं."

मी त्याला विचारलंच. मीटर लावला असता तर? तो म्हणाला, साठ वर्षं मातीत होतं, कदाचित काहीच झालं नसतं. पण तो स्वतः लावणार नाही. आणि बॅटरी? त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या लेकीकडे पाहिलं, आणि पेटी गाडीत ठेवली.

"काय म्हणाला गं तो?" आईंनी विचारलं. त्या शाल गुंडाळून कठड्याला टेकल्या होत्या. दोन्ही भाषा येणारं मोठं माणूस तिथे मी एकटीच. मी म्हटलं, "काही नाही आई, जुनं होतं म्हणाला. घाबरायचं कारण नाही."

तेव्हा माझी लेक बोलली. कधी नव्हे ती मराठीत, एकेक शब्द शोधत.

"आजी, आई मला पकडायला देणार होती. मी ते पकडणार होते. आणि आई वीज लावणार होती."

आईंनी तिचे दोन्ही हात धरून शालीच्या आत घेतले. मला वाटलं, आता मला बोलतील. मला तेच हवं होतं. कुणीतरी थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं.

"मीच आणलं गं ते घरात," त्या एवढंच म्हणाल्या. "मांडीवर घेऊन घासलं."

घरात परत आलो तर निरांजन अजून तेवत होतं. पाटाच्या मधोमध फुलांत एक गोल रिकामी जागा. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला, तो आईंनी उचलला. मी दारात उभी होते. त्या आता सगळं सांगणार, माझं दुपारचं वाक्यही सांगणार, आणि सांगायलाच हवं, असं मला वाटत होतं. आईंनी माझ्याकडे सरळ बघितलं आणि फोनमध्ये म्हणाल्या, "अरे, मी वेड्यासारखी काहीतरी उचलून आणलं बागेतून. तुझ्या बायकोने बघितल्याबरोबर ओळखलं. म्हणाली, कुणी हात लावायचा नाही. म्हणून वाचलो सगळे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाट हलवला, मीटर पुसला आणि माझ्या हातात दिला. "घे. आता कर काय करायचंय ते." मी तो ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. आई पुन्हा बागेत आल्या, पण त्यांनी खुरपं काही हातात धरलं नाही. विमानतळावर त्यांना निरोप देताना मी बोलणार होते. बॅगांचं वजन, पासपोर्ट, थर्मास, यातच वेळ गेला. मग पुढच्या वर्षी बोलू म्हटलं. पुढच्या वर्षी त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतरच्या वर्षी त्या गेल्या.

आजही चार मराठी माणसं जमली की माझा नवरा हा किस्सा रंगवून सांगतो. महायुद्धातल्या विमानाची गोळी हिने नुसत्या नजरेने ओळखली म्हणतो, आणि लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. माझी लेक आता माझ्याहून उंच झालीय. ती मान खाली घालून ताटातलं चिवडत राहते आणि मला फोडत नाही, अगदी आजीसारखी. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठते. स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहते आणि मला ती खुर्ची दिसते. मी इतकं लागेल असं बोलल्यावरही ती बाई तिथून उठली नाही. उठली असती, तर मी मीटर घेतलाच होता.

हे लिहून झालं की आधी नवऱ्याला वाचायला देणार आहे.