विकत घेतलेली नात

"सोडा ते लेकरू. आधी माझ्याकडं द्या."

असं म्हणून त्या बाईनं माझ्या मांडीवरून लेकरू काढून घेतलं. दोन्ही काखांत हात घातले आणि उचललं, पाटीतून मेथीची जुडी उचलावी तसं. चष्मा, खांद्याला पर्स, आवाज मास्तरणीचा. बस कुरुंदा सोडून वसमतच्या रस्त्याला लागली होती. मी पुढच्या सीटवर. खांद्यावर घोंगडं, डोक्याला लाल पटका, अंगाला मेंढरांचा वास. आणि मांडीवर गोरंपान लेकरू, फुलाफुलांचं झबलं, पायात मोजे.

हे दोन त्या बाईच्या डोळ्यांत एका जागी बसेनात.

मी शिरड शहापूरकडचा. मेंढरामागं जन्म गेला. शाळा दुसरीपर्यंत, ती बी अर्धी. हे अक्षराला अक्षर जोडून लिहून राहिलो, कारण तोंडानं सांगायला गेलो की माणसं मधीच म्हणतात, जाऊ द्या बाबा, झालं गेलं. मला जाऊ द्यायचं नाही.

माझी सून बी.ए. करते. आमच्या घरात हा शब्द तिनंच आणला. त्या दिवशी वसमतला तिचे दोन पेपर होते, एक सकाळी, एक दुपारी. लेकरू अंगावर पिणारं. वरचं दूध दिलं की थुंकून टाकतं. म्हणून ठरलं होतं, ती पहिल्या गाडीनं जाईल आणि मधल्या सुट्टीला मी लेकरू घेऊन स्टँडवर येईन. पाजून ती परत पेपरला. लेक मेंढरं घेऊन लांब गेलेला. म्हातारी वारली. मग राहिला कोण? मीच.

बसमध्ये चढलो तेव्हाच कंडक्टर म्हणला, "काय बाबा, फुकटचं तिकीट अन् वरून खिडकीची सीट?" चार माणसं हसली. मी बी हसलो. म्हाताऱ्यांना सरकारनं तिकीट माफ केलं, त्यानं नाही. पण हसलो.

त्या बाईनं आधी गोडच विचारलं. "किती गोड आहे हो! कुणाचं?"

मी म्हणलं, "विकतचं हाय बाई. सूपभर जवारीला घेतलं."

आमच्यात असंच म्हणतात. घरात दोन लेकरं दगावली की तिसरं आपलं म्हणायचं नाही. जन्मलं की सुईण त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवते. मग आपण जायचं, सूपभर ज्वारी देऊन ते तिच्याकडून विकत घ्यायचं. नाव बी असंच ठेवायचं, धोंडी नाहीतर दगडू, म्हणजे कुणाची नजर थांबू नये. आणि जावळ निघेपर्यंत कुणी विचारलं तर सांगायचं, आमचं नाही, विकतचं. माझ्या लेकाची दोन लेकरं गेली होती. ही तिसरी. जावळ अजून डोक्यावर. आमच्या गावात कुणी बी आजा हेच बोलला असता, आणि ऐकणारीनं लेकराच्या कानामागं काजळ लावलं असतं.

पण त्या बसमध्ये सगळ्यांच्या माना वळल्या, आणि बाईनं लेकरू उचललं ते इथंच.

मागून एक माणूस उठून आला. पांढरे कडक कपडे, हातात दोन मोबाईल. सगळे त्याला भाऊ, भाऊ म्हणत होते. त्यानं मोबाईल वर धरला. "बघा, कालच आलंय ग्रुपवर. म्हातारे बनून लेकरं पळवून राहिले."

मग मला म्हणला, "नाव काय पोरीचं?"

"धोंडी."

बस हसली.

"एवढ्या गोऱ्या पोरीचं नाव धोंडी? अरे, नाव तरी नीट पाठ करून यायचं!"

"लेकराचं आधार कार्ड कुठंय?"

"आठ महिन्याचं लेकरू हाय. माझं कार्ड हाय, हे बघा."

"तुझं कोण मागतंय? आई कुठंय हिची?"

"पेपराला बसली वसमतला. बी.ए.ची."

आता तर सगळी बस हसली. माझ्या घोंगड्याकडं बघितलं आणि हसली. मेंढक्याची सून आणि बी.ए. मी नंबर दिला. त्यानं लावला. बंद. पेपरात फोन बंदच असतो, हे त्याला माहीत नसंल काय? पण त्यानं मोबाईल सगळ्यांना दाखवला, चोर सापडल्यावानी. "बंद लागून राहिला. घ्या."

कंडक्टर म्हणला, स्टँडवर पोलिसांकडं देऊ.

मला पार मागच्या सीटवर नेलं. दोन्हीकडं दोन माणसं बसली. पुढं लेकरू रडायला लागलं. बाईनं पर्समधून बिस्कीट काढलं आणि पाण्यात बुडवून तोंडात कोंबायला लागली.

"बाई, तिला ते देऊ नगा! ठसका लागंल!"

मी उठलो. उठलो म्हणून धरलं. भाऊनं माझ्या डोक्यावरचा पटका ओढला आणि त्याच पटक्यानं माझे हात बांधले.

माझा पटका. बापाच्या दहाव्याला मामानं डोक्याला बांधला होता, तेव्हापासून माझं डोकं परक्यानं उघडं बघितलं नव्हतं. पटके फाटले, नवे आले, डोकं झाकलेलंच राहिलं. त्या दिवशी वसमतच्या रस्त्यानं मी बोडका बसलो, आणि एक पोट्टं मोबाईलवर माझं चित्र काढत होतं.

बाई पुढून ओरडली, "तुमची नात असेल तर तसं म्हणा ना! माणूस आपल्या लेकराला आपलं म्हणतो. म्हणा एकदा!"

मला म्हणता येईना.

तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. दोन लेकरं मी या हातांनी पुरली. दोन्ही वेळा मी बाजारभर सांगत फिरलो होतो, माझा नातू, माझा नातू. तिसऱ्या वेळी जीभ बांधून घेतली होती. आणि आता ही बाई म्हणते, म्हणा. लेकराच्या जिवावर मी ते म्हणायचं. मी गप बसलो. माझ्या गप बसण्याला बघून सगळ्यांनी माना हलवल्या. आता खात्रीच झाली त्यांची.

रडून रडून लेकराचा आवाज चिरका झाला. बाईच्या खांद्यावरून ते माणसांच्या डोक्यांमधून बघत होतं. मला हुडकत होतं. पटका नव्हता डोक्यावर, म्हणून त्याला मी ओळखू येईना.

तेव्हा माझ्या तोंडातून निघालं. ओरडूनच निघालं.

"माझी हाय ती! माझ्या लेकाची लेक! माझं रगत हाय!"

कुणी वळून बी बघितलं नाही. भाऊ म्हणला, "आता बदलून राहिला."

तिथं माझ्या डोक्यात लख्ख झालं. यांनी विचारलं ते ऐकायला नाही. मी विकतचं म्हणलो तरी चोर, माझं म्हणलो तरी चोर. उत्तर यांच्याकडं आधीच तयार होतं, मी बसमध्ये चढलो तेव्हापासून. मी उगंच शब्द हुडकत होतो.

वसमतच्या स्टँडवर सून उभीच होती. बस लागायच्या आधीच तिला रडणं ऐकू आलं. धावत चढली. लेकरानं तिच्याकडं अशी झेप घेतली की बाईच्या हातात नुसता एक मोजा राहिला.

मग सगळे मऊ झाले. बाई म्हणली, "यांनीच सांगितलं विकत घेतलं म्हणून. आम्ही काय समजायचं?" कंडक्टर म्हणला, "गैरसमज झाला बाबा. मनावर घेऊ नका." आणि पटक्याची गाठ सोडायला वाकला.

मी हात मागं घेतले.

"तू न्हाई. ज्यानं बांधला त्यानं सोडायचा."

"अहो, ते उतरले. चहाला गेले."

"बोलावून आण."

मी बसच्या दारात उभा राहिलो. बोडका, हात बांधलेले. खालचे वर येईनात, वरचे खाली उतरंनात. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. कुणी म्हणलं, म्हातारा येडा झाला. सून हळूच म्हणली, "मामा, चला आता. पेपरची घंटा होईल."

मी म्हणलं, "तू पाज अन् जा."

"लेकरू कुणाजवळ देऊ? तुमचे हात तर बांधलेले."

मला वाटलं, आता ही रडंल. माझ्यावर चिडंल. तिनं माझ्या हातांकडं बघितलं, मग उघड्या डोक्याकडं. आणि तिथंच बसच्या पायरीवर बसली. पदर घेतला आणि लेकराला अंगावर लावलं. कंडक्टरला म्हणली, "दादा, आणा त्यांना बोलावून. मला बी उशीर होऊन राहिला."

आणावं लागलं.

भाऊ हसत आला. "लेकराच्या काळजीपोटीच केलं ना बाबा. तुमचंच लेकरू गेलं असतं म्हणजे?"

मी बांधलेले हात पुढं केले. गाठ घट्ट बसली होती, त्याला नखानं उकलावी लागली. अख्खा स्टँड बघत होता. त्याचं हसू गाठ सुटायच्या आधी मावळलं.

सुनेला पेपरात उशिरा का होईना, बसू दिलं. मी बाहेर झाडाखाली लेकरू घेऊन बसलो. पटका मांडीवर. बांधावा वाटेना.

त्यानंतर किती दिवस मी लेकराचं अंग चाचपून बघत होतो. मी माझं म्हणलो होतो ना. ताप आला का? जुलाब? काही नाही. हसतं, केस ओढतं. मग मी उलटा विचार करायला लागलो. पहिल्या दोघांना कुणाची नजर लागली होती? तापात फणफणताना त्यांना घेऊन गेलो, तेव्हा दवाखान्याला कुलूप होतं. जीपवाल्यानं घोंगड्याकडं बघून जीप थांबवली नव्हती. ते मी कधी मोजलंच नाही. नजर म्हणलं की कुणाला जाब विचारायचं काम राहत नाही.

पुढच्या पेपराला मी तीच बस धरली. तीच पुढची सीट, तीच खिडकी. लेकरू पटक्यानं छातीशी बांधलं. डोकं उघडंच. लोक बघतात. बघू द्या.

शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणाचं हो लेकरू?" हातात तिच्या काजळाची डबी होती. मायेनं विचारलं असंल. मला आता ते ओळखू येत नाही आणि ओळखायचं बी नाही.

मी म्हणलं, "माझं. तुमी कोण?"

तिनं डबी मिटली. मी गाठ चाचपून बघितली. माझी गाठ आहे. ती आता दुसऱ्याच्या हातानं सुटणार नाही.